कादंबरी वाचावी कशी आणि दुसऱ्याच्या गळ्यात न मारता सुचवावी कशी

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी मी दोन तास देवघेवीच्या टेबलाशी बसते. पगार नाही. साडेदहाचा चहा मिळतो आणि नवी पुस्तकं सगळ्यांच्या आधी हाताळायला मिळतात. टेबलाशी सगळ्यात जास्त वेळा येणारी मागणी एकच : "काहीतरी चांगलं द्या ना."

सुरुवातीला मला हे फार सोपं वाटायचं. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले. कितीतरी वर्षांनी पुन्हा वाचायला लागले होते. मी मोठ्या उत्साहाने श्याम मनोहरांची 'उत्सुकतेने मी झोपलो' त्यांच्या हातात ठेवली. २००८चा साहित्य अकादमी पुरस्कार, शिवाय माझी लाडकी, आणखी काय हवं? पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. काका म्हणाले, "छान आहे." मी सहज चाळलं तर ३१व्या पानात एसटीचं तिकीट. तिथून पुढची पानं कोरी करकरीत.

स्थळ सुचवणारी बाई मुलगा काय करतो, मुलीला काय हवंय, एवढं विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी काकांना काहीच विचारलं नव्हतं. स्वतःची आवड त्यांच्या पिशवीत टाकून मोकळी झाले होते. त्यानंतरच्या वर्षांत जे थोडंफार शिकले ते इथे लिहिते आहे. हे नव्याने कादंबरीकडे वळणाऱ्यांसाठी आहे, आणि वळल्या वळल्या दुसऱ्यांना वाचायला लावायची ज्यांना घाई होते त्यांच्यासाठीही.

आधी स्वतःसाठी एक निवडा

'समकालीन' म्हणजे इथे साधारण गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या कादंबऱ्या. त्यातल्या ज्यांना दुकानदार 'गंभीर' म्हणतात त्या. हा शब्द मला पटत नाही. रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' याच गंभीर फळीवर असते, आणि प्रौढ साक्षरता अभियानाच्या कागदी घोड्यांमागे धावणारे मास्तर वाचताना हसून हसून पोट दुखतं. तेव्हा गंभीर म्हणजे रडकी, हे पहिल्यांदा डोक्यातून काढा.

'मराठीतल्या सर्वोत्तम शंभर कादंबऱ्या' अशा याद्यांपासून निवड सुरू करू नका. यादी पाहून माणूस घाबरतो तरी, नाहीतर वरून खाली वाचायला घेतो आणि तिसऱ्या पुस्तकाला दमतो. त्यापेक्षा शेवटची कुठली गोष्ट तुम्ही जेवण विसरून ऐकली किंवा पाहिली, ते आठवा. आजीने सांगितलेली गावातली भानगड असेल, एखादी वेबमालिका असेल, शाळेच्या ग्रुपवर रंगलेल्या जुन्या आठवणी असतील. तुमचा कल तिथे आहे. शाळेच्या आठवणीत रमणाऱ्याने मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) घ्यावी. घरातल्या घरात लपलेली गुपितं ज्याला खुणावतात त्याने सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६). नदी, पोहणं, घाटावरची माणसं यांत जीव रमत असेल तर मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट'. नांदेडची गोदावरी आहे त्यात.

पुरस्कारांची यादी उपयोगी पडते, पण ती वाचता यायला हवी. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार दरवर्षी कादंबरीलाच मिळतो असं नाही. २०२१ साली तो किरण गुरवांच्या कथांना मिळाला. २०२२ साली प्रवीण बांदेकरांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला आणि २०२३ साली कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला मिळाला, या दोन्ही कादंबऱ्या. २०२०चा नंदा खरे यांच्या 'उद्या'ला जाहीर झाला होता; त्यांनी तो नम्रपणे नाकारला. अकादमीचा युवा पुरस्कार वेगळा असतो, आणि नव्या वाचकाने तो अधिक बघावा असं माझं मत आहे. २०२१चा युवा पुरस्कार मिळालेली प्रणव सखदेवांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' आणि २०२४चा मिळालेली देवीदास सौदागरांची 'उसवण' आमच्याकडे तिशीच्या आतले वाचक आपण होऊन नेतात. 'उसवण'मध्ये तयार कपड्यांच्या लाटेत धंदा बसत चाललेला शिंपी आहे. ज्याच्या घरात शिलाई मशीन आहे त्याला पहिल्या पानापासून ओळखीचा वास येतो.

मिळवायची कुठून

पहिली कादंबरी विकत घेऊ नका. प्रकाशकांनी रागावू नये. दुसरी घ्यायला मीच सांगणार आहे. बऱ्याच गावांत शासनमान्य वाचनालय असतं, अ, ब, क, ड यांपैकी कुठल्या तरी वर्गातलं. थोडी अनामत, थोडी मासिक वर्गणी, की झालं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. अशा जुन्या ठिकाणी तर बाजारातून नाहीशी झालेली पुस्तकंही सापडतात.

वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानाला तारखांचे शिक्के मारायचा कागद चिकटवलेला असतो. मलपृष्ठावरच्या मजकुराआधी मी तो बघते. महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने शिक्के पडलेले असतील तर पुस्तक लोकांच्या तोंडी आहे. दोन शिक्के आणि मग सहा वर्षं शुकशुकाट असेल तर पुस्तक वाईट आहे असं नाही, पण तुमच्या आधी दोघांनी हात टेकलेत एवढं कळतं. पहिल्याच वेळी तिसरे होऊ नका.

कादंबरी आवडली, पुन्हा वाचावीशी वाटली, तर मात्र लगेच विकत घ्या. मराठीत अशा कादंबरीची आवृत्ती हजारभर प्रतींची, कधी त्याहूनही लहान. संपली की पुढची निघेपर्यंत वर्षं जातात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात चार दुकानं पालथी घालून "आउट ऑफ प्रिंट आहे" ऐकून परत येण्याचा अनुभव प्रत्येक वाचकाच्या गाठीला असतो. दुकानात नाव सांगताना लेखकाबरोबर प्रकाशकही सांगा. निम्मा शोध तिथेच वाचतो.

परदेशात किंवा परराज्यात असाल आणि देवनागरी डोळ्यांना जड जात असेल, तर ऐका. स्टोरीटेलसारख्या ॲपवर बऱ्याच मराठी कादंबऱ्या आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानशी जोडलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पुस्तकपेट्याही देशाबाहेरच्या मराठी मंडळींपर्यंत पोचल्या आहेत. जवळच्या महाराष्ट्र मंडळात विचारून बघा.

दोन पानांची परीक्षा

मलपृष्ठावर बहुतेक 'मानवी अस्तित्वाचा शोध' लिहिलेला असतो. त्यावरून काही कळत नाही. पहिलं पान वाचा आणि मग मधलं कुठलंही एक. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून ठेवलेलं असतं, पाहुण्यांच्या खोलीसारखं. मधल्या पानावर घरचा खरा कारभार दिसतो. मधलं पान वाचून कोण बोलतंय, काय चाललंय याची उत्सुकता वाटली तर पुस्तक घ्या. तुमचा आणि त्या निवेदनाचा सूर जुळला नाही तर ठेवून द्या. पुढच्या वर्षी कदाचित जुळेल.

पानांच्या संख्येचाही विचार करा. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) किंवा रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) ही मोठी धरणं आहेत. पोहायला शिकायला कुणी धरणात उतरत नाही.

पहिली पन्नास पानं

नवे वाचक सगळ्यात जास्त गळतात ते इथे, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं : बोली. आजची चांगली मराठी कादंबरी पुण्याच्या पेठेत राहत नाही. ती सदानंद देशमुखांच्या बुलढाण्यात, खोतांच्या पन्हाळ्याकडच्या डोंगरात, बांदेकरांच्या तळकोकणात राहते. शहरात वाढलेला वाचक तिसऱ्या ओळीला अडतो आणि पुस्तक मिटतो.

यावर उपाय आहे. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. घरात कुणी हसलं तर हसू द्या. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला पुष्कळदा माहीत असतो, कारण आपण तो बसस्टँडवर, बाजारात, लग्नात ऐकलेला असतो. वऱ्हाडी 'काहून' म्हणजे 'का', मालवणी 'खंय' म्हणजे 'कुठे', हे समजायला शब्दकोश लागत नाही. कुणी कुणाला काय विचारतंय हे दिसलं की पुरतं. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका. तो पुढच्या पाच पानांत आणखी दोनदा येतो आणि तिसऱ्या खेपेला आपला अर्थ आपणच सांगतो. विसाव्या पानापर्यंत कान बसतो. मग उलटाच घोळ होतो : वाचून संपल्यावर दोन दिवस तुम्हीच तसं बोलता.

दुसरी अडचण गोष्ट सरकत नसल्याची. वर्षानुवर्षं ऐतिहासिक कादंबऱ्या वाचलेल्यांना ही फार जाणवते. तिथे चौथ्या पानावर खलिता येतो, दहाव्यावर मोहीम. इथे चाळीस पानं झाली तरी माणूस ओट्यावरच बसलेला असतो. अशा वेळी 'पुढे काय होणार' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि तीन दुसरे प्रश्न हाताशी घ्या : हे सांगतंय कोण? कुणाला सांगतंय? आणि सांगणाऱ्याला काय कळलेलं नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. 'शाळा'च घ्या. सांगणारा मुकुंद जोशी नववीतला पोरगा आहे. त्याचं सगळं ध्यान वर्गातल्या शिरोडकर नावाच्या मुलीकडे. काळ आणीबाणीचा आहे, ते त्याच्या कानावर येतंही, पण मोठ्यांच्या बोलण्यातून, तुटक तुटक. मुकुंदाला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. आपल्याला आहे, कारण आपल्याला पुढचं माहीत आहे. त्याला दिसतं तेवढं आणि आपल्याला कळतं तेवढं, यांच्यामधल्या फटीत ती कादंबरी घडते. सरळ प्रेमकथा म्हणून वाचली तरी गोड लागते. पण एकदा ती फट दिसली की साध्या वाक्यांनाही वजन येतं.

'कोबाल्ट ब्लू'मध्ये लेखकाने ही फट पुस्तकाच्या रचनेतच ठेवली आहे. भाऊ आणि बहीण, दोघांचा जीव एकाच भाडेकरूवर जडलेला. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. बहिणीचा भाग वाचायला लागलात की भावाच्या भागातलं एखादं दृश्य पुन्हा काढून बघा. तीच खोली, तोच माणूस, आणि चित्र निराळं.

पेन्सिल जवळ ठेवा, मात्र वाचनालयाच्या प्रतीवर चालवू नका. परत आलेल्या पुस्तकांत कडेला 'वा!' आणि 'खरंय' लिहिलेलं खोडताना माझे रविवार जातात. एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर पान क्रमांक आणि दोन शब्द. सुचवायची वेळ येईल तेव्हा ही चिठ्ठीच उपयोगी पडते.

पन्नास पानांनंतरही जमत नसेल तर सोडा. पाप लागत नाही.

प्रस्तावना आणि समीक्षा सगळं वाचून झाल्यावर. आधी वाचलीत तर शेवट फुटतोच, शिवाय तुमचं मत तुमचं राहत नाही.

आता सुचवणं

सुचवण्याआधी समोरच्याला विचारायचं ते इतकंच. शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कुठलं? वाचायला वेळ केव्हा मिळतो? आणि सध्या घरात काय चाललंय?

आवडलेलं पुस्तक विचारलं की लोक शाळेत असताना वाचलेलं, सगळ्यांनी नावाजलेलं नाव सांगतात. सोडलेलं पुस्तक मात्र खरं सांगतात. "नावंच फार होती हो, कोण कुणाचा कळेना" असं म्हणणाऱ्या माणसाला 'सातपाटील कुलवृत्तांत' देणं म्हणजे सूड. वेळेचा प्रश्न लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्यासाठी आणि रात्री अकरानंतर अंथरुणात वाचणाऱ्यासाठी. दोघांची पुस्तकं वेगळी. आणि तिसरा प्रश्न थेट विचारायचा नसतो, गप्पांत काढून घ्यायचा असतो. ज्यांच्या घरात दोन महिन्यांपूर्वी कुणी गेलंय त्यांना मरणावरची कादंबरी "तुम्हाला आधार वाटेल" म्हणून देऊ नका. त्यांना आधार हवाच असेल तर ते मागतील.

यातूनच एक खोड सांगते, आम्हा वाचनालयवाल्यांची विशेष. ज्याचं जगणं त्याच्यावरचीच कादंबरी. शेतकऱ्याचा मुलगा आला की सदानंद देशमुखांची 'बारोमास', शिक्षिका आली की शाळेवरचं काहीतरी, सून आली की सुनेवरचं. 'बारोमास' मोठी कादंबरी आहे, २००४ची साहित्य अकादमी तिला मिळाली ती उगीच नाही. पण सोयाबीनचा भाव पडला म्हणून आधीच डोकं धरून बसलेला पोरगा रविवारी वाचनालयात येतो तो दुसरीकडे कुठेतरी जायला. अशाच एका पोराला मी नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' दिली होती. अठराव्या शतकातला खटपट्या अंताजी, बंगालच्या मराठी स्वाऱ्या, प्लासी, आणि सांगण्याचा तिरकस मिस्कील ढंग. तो तीन दिवसांत परत आला, पुढचा भाग आहे का विचारत. आहे, 'बखर अंतकाळाची'. 'बारोमास' खरं तर शहरातल्या त्या माणसाला द्यायला हवी जो दर पावसाळ्यात "यंदा भाज्या फार महाग" म्हणतो.

एका वेळी एकच नाव द्या. पाच नावं दिली की समोरचा माणूस मान डोलावतो, मोबाइलमध्ये टिपून घेतो आणि एकही आणत नाही.

इंग्रजी माध्यमातल्या भाचे-भाच्यांना सुचवताना लाज सोडून भाषांतराची मदत घ्या. 'कोबाल्ट ब्लू'चं जेरी पिंटो यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, लेखकानेच केलेला सिनेमाही आहे. शांता गोखले यांनी आपल्या 'रीटा वेलिणकर'चं इंग्रजी स्वतःच केलं. एक प्रकरण इंग्रजीतून, मग तेच मराठीतून, असं वाचलं तर मराठी तितकी परकी वाटत नाही. "तुझी मातृभाषा आहे, यायलाच हवी" या वाक्याने आजवर एकही वाचक तयार झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

चार ओळींचा निरोप

हल्ली सुचवणं बहुतेक व्हॉट्सॲपवरच होतं. माझ्या एका मैत्रिणीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला निरोप असा होता :

"आत्ताच 'ब्र' वाचून संपवली. अप्रतिम! सुन्न झाले. प्रत्येक संवेदनशील माणसाने वाचायलाच हवी!"

अकरा अंगठे आले, वाचली कुणीच नाही. 'प्रत्येक माणसाने' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे मी नव्हे. आणि 'सुन्न' हा शब्द मराठी वाचकांनी इतका झिजवला आहे की दंतवैद्याकडून आल्यासारखं वाटतं. मग तिने ग्रुप सोडून एकाच शेजारणीला लिहिलं, साधारण असं :

"ताई, तुम्ही मागच्या वर्षी वॉर्डातल्या कामांसाठी नगरपालिकेत खेटे घालत होतात ना, म्हणून सुचवते. कविता महाजनांची 'ब्र', २००५ची. प्रफुल्ला नावाची बाई संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात हिंडते, सरपंच झालेल्या बायकांना भेटते. खुर्ची बाईची आणि कारभार दुसऱ्याचाच, हे तुम्हाला लगेच कळेल. मध्ये मध्ये माहिती फार येते, तिथे जरा रेटावं लागतं. माझ्याकडे प्रत आहे, संध्याकाळी आणून देऊ का?"

ताईंनी नेली. या निरोपात काय काय आहे बघा. तुम्हालाच का, ते पहिल्या ओळीत. गोष्टीची सुरुवात सांगितली, शेवट नाही. कुठे कंटाळा येईल हे कबूल केलं. त्यामुळे तिथे पोचल्यावर ताईंना वाटलं नाही की आपलंच काही चुकतंय. आणि शेवटी पुस्तक मिळण्याची सोय. नुसतं नाव कळवून थांबलात तर पुस्तक शोधायची कटकट समोरच्यावर पडते आणि प्रकरण तिथेच संपतं.

स्वतःची प्रत देणार असाल तर वहीत लिहून ठेवा : कुणाला, कधी. मी लिहीत नव्हते त्या काळातल्या माझ्या सात कादंबऱ्या कोणाकोणाच्या कपाटात सुखाने नांदताहेत. जी गेली तर जीव कासावीस होईल ती प्रत देऊच नका, दुसरी विकत घेऊन द्या.

परत आल्यावर

"कशी वाटली?" असं विचारू नका. या प्रश्नाला "छान" याखेरीज दुसरं सभ्य उत्तर नाही. "कुठपर्यंत पोचलात?" असं विचारा, आणि तेही पुस्तक परत आल्यावरच. दिल्यापासून चौथ्या दिवशी "झाली का वाचून?" असा फोन गेला की वाचणाऱ्याची परीक्षा सुरू होते.

पान कळलं की पुढचं स्थळ शोधायला सोपं जातं. वीस-तीस पानांत सुटलं असेल तर बहुतेक भाषा किंवा सांगण्याची तऱ्हा जमलेली नसते. पुढच्या वेळी त्याच विषयावरची, पण ओळखीच्या सुरातली द्या. मध्यावर सुटलं असेल तर भाषा जमली होती, गोष्टीने दगा दिला. तोच लेखक, लहान पुस्तक. शेवटच्या दहा-वीस पानांत सोडणारे क्वचित भेटतात. त्यांना शेवट आधीच कळलेला असतो आणि तो होऊ द्यायचा नसतो. अशा वाचकाला चहा पाजा, तो तुम्हाला चार पुस्तकं सुचवेल.

काकांचं तिकीट ३१व्या पानात होतं. म्हणजे सांगण्याची तऱ्हा. श्याम मनोहरांची ती छोटी छोटी, विचार करत थबकणारी वाक्यं त्यांना परकी गेली होती. मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं, बँकेतल्या दिवसांबद्दल विचारलं. ते अर्धा तास बोलले. कर्जवाटपाचं उद्दिष्ट, वरून येणारे तक्ते, मार्चअखेरीला कागदावर पुरी होणारी कामं. मी उठून 'निशाणी डावा अंगठा' आणून दिली.

आठ दिवसांनी काका वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. "अहो, आमच्या ब्रँचची अगदी हीच गत," म्हणाले, आणि उभ्या उभ्या एक प्रसंग मला सांगायला लागले, जो मी वाचलेला आहे हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर त्यांनी बरंच काही नेलं. 'उत्सुकतेने मी झोपलो' त्यांनी अजून पुन्हा मागितलेली नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.